लहान छाती आणि ब्लाउजचं रिकामं टोक

ब्लाउज शिवून येतो, घातला की समोर दोन रिकामी टोकं उभी राहतात. मग लगेच पॅडची शोधाशोध. त्याआधी टक्स, म्हणजे कापड चिमटून घातलेल्या निमुळत्या शिवणी बघा. बरेचदा ठरलेल्या कागदी साच्यावरच कापड बेतलं जातं, त्यात खालचा टक दीड इंचाचा असतो आणि छाती 32 असली तरी तो तसाच राहतो. टक जितका मोठा तितका कापडाला फुगवटा जास्त. तो भरायला आत काही नसलं की टोक उभं राहणारच.

माप देताना एकट्या छातीच्या आकड्यावर थांबू नका. टेप काखेखालून छातीच्या वरच्या भागावर घेऊन एक माप, छातीच्या सगळ्यात भरीव भागावरून दुसरं. दोन्हींत दोन इंचांपेक्षा कमी फरक असेल तर खालचा टक पाऊण इंचाचा घ्यायला सांगा आणि तो टक पॉइंटच्या, म्हणजे छातीच्या टोकाच्या, एक इंच अलीकडे संपवा. दोन पॉइंटमधलं अंतर वेगळं मोजायचं. ते अंदाजाने घेतलं तर टोकं काखेकडे सरकतात आणि छाती आणखी पसरट दिसते.

छातीवर वाटीसारखा गोल तुकडा जोडलेला कटोरी ब्लाउज मात्र टाळावाच. लहान कटोरीचं गोल शिवण जरा जरी सैल बसलं तरी तिथे सुरकुत्या पडतात. छातीवरून खालपर्यंत उभी शिवण जाणारा प्रिन्सेस कट बरा, कारण शिवणीचा बाक छातीपाशी पाव इंच कमी केला की काम होतं, बाकी ब्लाउज उसवावा लागत नाही.

पुढचा गळा वाकल्यावर सुटतो? पुढच्या भागाची लांबी जास्त झाली आहे. खांद्याच्या शिवणीत फक्त पुढचा भाग पाव ते अर्धा इंच वर घ्या. गळा लहान करून हा दोष जात नाही, उलट गळ्याखाली चुणी पडते. खोल व्ही गळा लहान छातीला फार छान बसतो, ही मोकळीक सगळ्यांना मिळत नाही!

कापडात खण उत्तम. तो अंगाला चिकटत नाही, स्वतःचा आकार धरतो. जॉर्जेट, शिफॉनचं नेमकं उलटं. साडीतही तेच: सोलापूरच्या नव्या पेठेत इरकल आणि शिफॉन शेजारी ठेवून पाहा, इरकलच्या पदराच्या निऱ्या छातीवर उठून राहतात. निऱ्या चार बोटांच्या घ्या आणि खांद्यावर एकावर एक न रचता थोड्या पसरून पिन लावा.

कुर्त्यात योकखाली (खांद्याजवळच्या वेगळ्या जोडाखाली) चुण्या, पिनटक्स म्हणजे शिवलेल्या बारीक घड्या, गळ्याभोवती भरतकाम किंवा अंगरख्याचा आडवा छेद भर देतो. अनारकली घेताना छातीखालची शिवण नेमकी कुठे येते ते बघाच. तयार कपड्यात ती बरेचदा खाली उतरलेली असते. कुर्ता खांद्याच्या मापाने निवडा आणि बाजू दाबून घ्या. पण एका बाजूला अर्ध्या इंचापेक्षा जास्त दाबायचं झालं तर मुंढाही (बाही जोडायची गोलाई) नव्याने कापावा लागतो, नाहीतर काखेत ओढ बसते.

आता आतलं. ब्राचा कप वरून रिकामा राहत असेल तर खांद्याचे पट्टे आवळू नका. 34 बीचा छातीखालचा पट्टा पाठीवर वर चढत असेल तर 32 बी घालून बघा, त्याचा कप 34 ए एवढाच असतो. पूर्ण कपापेक्षा अर्धा कप लहान छातीवर नीट बसतो. सोलापूरच्या एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशीपार असताना जाड फोमची ब्रा म्हणजे घामोळ्यांना आमंत्रण. त्यापेक्षा अस्तर आणि कापड यांच्यामध्ये पातळ कप शिवून घ्या, तेही टक्स कमी केल्यानंतर उरलीच पोकळी तर.

ट्रायल घेताना आरशासमोर ताठ उभं राहून भागत नाही. दोन्ही हात वर करा, खाली वाका, मग खुर्चीत बसा. खालची पट्टी वर चढली तर आधी मुंढ्याची खोली तपासायला सांगा आणि बाजूच्या शिवणीत एक इंच मार्जिन ठेवलंय का, ते उलटं करून बघा.