इंग्रजी पत्राचा मायना

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका लहान गावाच्या शाळेत मी दहावीला इंग्रजी शिकवतो. कापूस वेचणीच्या दिवसांत वर्गातली उपस्थिती रोडावली की हजर असलेल्या मुलांकडून मी पत्रलेखन करून घेतो. परीक्षेतला हक्काच्या गुणांचा प्रश्न म्हणून मुले त्याकडे पाहतात. पण ज्या मुलांना उद्या स्वतःचे अर्ज स्वतःच लिहायचे आहेत, त्यांच्या दृष्टीने या प्रश्नाचे मोल त्याहून कितीतरी मोठे आहे, असे मला मनापासून वाटते.

मराठीत माणूस बदलला की मायना बदलतो. वडील 'तीर्थरूप', धाकटा भाऊ 'चिरंजीव', अधिकारी 'माननीय महोदय'. आणि 'तू'चे 'आपण' झाले की क्रियापदही त्यामागे बदलते. इंग्रजीत मात्र वडिलांनाही 'डिअर' आणि आगार व्यवस्थापकांनाही 'डिअर', शिवाय दोघांनाही 'यू'. आमच्या मुलांना हे उद्धटपणाचे वाटते आणि मायन्यात न मावलेला आदर ती मजकुरात ओतू लागतात. शाळेच्या वेळेसाठी सकाळची बस अर्धा तास अलीकडे आणावी, असा अर्ज मी लिहायला दिला होता. एका मुलीने 'विथ ड्यू रिस्पेक्ट आय बेग टू स्टेट' येथून सुरुवात करून अर्धे पान विनवण्यांनी भरले, आणि बस सध्या किती वाजता येते व किती वाजता हवी, हे लिहायचेच राहून गेले. मी तिला सांगितले की इंग्रजी औपचारिक पत्रात वाचणाऱ्याचा वेळ वाचवणे हाच आदर असतो. म्हणून विषयाची एक ओळ, पहिल्याच वाक्यात पत्राचे कारण, मग वेळ व विद्यार्थ्यांची संख्या, आणि शेवटी नेमकी मागणी. 'आय अ‍ॅम'चे 'आयम' करायचे नाही. पत्त्यात ४४५ ने सुरू होणारा आपला सहा अंकी पिनकोड विसरायचा नाही. १९७२ पासून पत्राची वाट त्यावरूनच ठरते.

समाप्तीबाबत मी थोडा हट्टी आहे. 'डिअर सर' लिहिले तर शेवटी 'युअर्स फेथफुली', आणि नाव ठाऊक असून 'डिअर मिस्टर' पुढे आडनाव लिहिले तर 'युअर्स सिन्सिअरली', हा ब्रिटिश रिवाज आपण पाठ्यपुस्तकांतून घेतला आहे. 'युअर्स'मधल्या एसच्या आधी वर अपॉस्ट्रॉफीची शेपटी द्यायची नाही आणि दुसऱ्या शब्दाचे पहिले अक्षर लहान लिपीत काढायचे.

अनौपचारिक पत्र सोपे समजतात, पण मुले खरी अडतात ती तिथेच, कारण घरात कोणी कोणाला पत्र लिहिताना त्यांनी पाहिलेलेच नसते. त्याच मुलीने पुण्याला कामाला गेलेल्या भावाला गाइडमधले 'आय अ‍ॅम फाइन हिअर अँड होप यू आर ऑल्सो फाइन' लिहून वही माझ्यापुढे ठेवली. दादाचा फोन आला तर पहिले काय सांगशील, असे मी विचारले. ती लगेच म्हणाली, "आपली गाय व्याली, अन् वासराच्या कपायावर पांढरा चांद हाये." हेच इंग्रजीत लिही म्हटल्यावर तिने लिहिले : 'आवर काऊ हॅड अ काफ. इट हॅज अ व्हाइट मून ऑन इट्स फोरहेड.' इंग्रजीत अशा ठिपक्याला 'मून' म्हणत नाहीत, हे मला ठाऊक होते; पण लाल पेन मी खाली ठेवला, कारण पत्र भावाला होते आणि भावाला तो चांद लगेच दिसला असता. खाली तिने 'युअर लव्हिंग सिस्टर' लिहिले.

दोन दिवसांनी ती बसचा अर्ज नव्याने लिहून घेऊन आली. आगारातल्या फलकावर व्यवस्थापकांचे नाव तिने वाचले होते आणि आता शेवटी 'सिन्सिअरली' लिहायचे का, एवढेच तिला विचारायचे होते. मी होकार दिला आणि अर्जावर तारीख घालायला सांगितली.