डब्यूक ते रॉकफर्ड : कच्च्या पथकांच्या मागे दोन संध्याकाळी

गाडी पुरती थांबायच्या आतच लेकाने दार उघडलं. "आई, ऐक!" आधी ऐकू आला तो मेट्रोनोम, म्हणजे ठोके मोजून देणारं यंत्र. शाळेमागच्या पार्किंगमध्ये चाकांच्या गाड्यावर एक स्पीकर ठेवलेला, त्यातून टक् टक् टक्. मग त्यावर स्नेअर ड्रम सुरू झाले. मुलं नऊ होती, पण डोळे मिटले असते तर एकच जण वाजवतोय असं वाटलं असतं. डांबर तापलेलं, पोरांच्या मानेवर उन्हाने भाजल्याचे पट्टे, प्रत्येकाच्या पायाशी पाण्याचा गॅलनभर कॅन.

जुलैचा पहिला आठवडा. शिकागोजवळच्या नेपरव्हिलहून अडीच-तीन तास गाडी हाकत आम्ही आयोवातल्या डब्यूकला आलो होतो. गलीना गावाच्या आसपास इलिनॉयची सपाटी संपून चक्क डोंगर लागतात आणि पुढे पुलावरून मिसिसिपी दिसते. गावात 1882 सालची, कड्यावर चढणारी छोटीशी रेल्वे आहे. ती बघायची माझी फार इच्छा होती. लेकाला पार्किंगमधले ड्रम बघायचे होते. कोण जिंकलं ते सांगायला नको.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात : ड्रम कोअर. इंग्रजी स्पेलिंगच्या शेवटी पी आणि एस आहेत, उच्चारात दोन्ही नाहीत. पितळी वाद्यं, तालवाद्यं आणि झेंडे, लाकडी रायफली, तलवारी फिरवणारा ताफा. क्लॅरिनेट, बासरी, सॅक्सोफोन नाहीत. मोठ्या पथकात 165 पर्यंत मुलं असतात आणि वयाची 22 पूर्ण झाली की बाहेर. हजारो डॉलर फी भरून ही पोरं मेपासून शाळांच्या जिममध्ये जमिनीवर झोपतात, रात्री बसने पुढच्या गावी जातात आणि उन्हाळाभर साधारण अकरा मिनिटांचा एकच कार्यक्रम गावोगावच्या स्पर्धांत सादर करत घासत राहतात. जुलैत तो अजून कच्चाच असतो. ऑगस्टमध्ये इंडियानापोलिसला अंतिम फेरी.

मी पुण्यात कॉलेजात असताना चार वर्षं ढोलपथकात ताशा वाजवला. नदीपात्रात सराव, पावसाने सैल पडलेली ढोलांची पानं, सारखे ताणायला लागणारे ढोल. त्यामुळे असं कच्चं पथक दिसलं की मला आषाढातली संध्याकाळ आठवते. आमच्याकडे मात्र तो सराव बघायला तिकीट नव्हतं! इथे कच्चा माल तिकीट लावून दाखवतात, वर गुणही देतात, आणि लोक आवडीने येतात.

गुण शंभरपैकी. एकूण परिणामाला 40, दृश्याला 30, संगीताला 30. सुरुवातीला पथकं साठी-सत्तरीत असतात, ऑगस्टमध्ये जिंकणारं पथक 98 च्या आसपास जातं. 1983 पर्यंत सरळ हिशोब होता : चूक दिसली की एक दशांश गुण कापला. आमच्या पथकप्रमुखांना ही पद्धत फार आवडली असती. आता परीक्षक मोजतात ते रचना किती अवघड आणि ती किती साधली, दोन्ही मिळून. आणि माझी व लेकाची भांडणं तिथेच सुरू होतात.

त्या संध्याकाळी दोन पथकं लागोपाठ उतरली. नावं घेत नाही, जुलैतल्या चुका कोणाच्या नावावर लागू नयेत. पहिलं लहान, शंभरच्या आतलं. सोपी रचना, पण नेमकी. कडेपासून कडेपर्यंत रांग आली तेव्हा वाकडा एक पाय दिसला नाही. पाच यार्डांत आठ पावलं, म्हणजे पाऊल साडेबावीस इंचांचं. सगळ्यांचं, उंची काहीही असो. दुसरं पथक दीडशेच्या वरचं, प्रचंड आवाजाचं. ट्रम्पेटची पहिली झेप छातीवर आदळली. पण वर्तुळ बटाट्यासारखं झालं, हवेतून आलेली एक रायफल हातातून निसटून गवतावर पडली, आणि शेवटचं मिनिटभर सगळे नुसते कमानीत उभे राहून वाजवत होते. पुढच्या हालचाली अजून बसवायच्या होत्या.

मी म्हटलं, पहिलं चांगलं.

"आई, त्यांचं झालंय सगळं. यांच्यात अजून जागा आहे."

"जागा ऑगस्टमध्ये भरणार. मी तिकीट आजचं काढलंय."

परीक्षकांनी दुसऱ्याला बरेच गुण जास्त दिले. लेक विजयी मुद्रेने माझ्याकडे बघत राहिला. मला ते अजूनही पटलेलं नाही, पण एक गोष्ट त्याने मला शिकवली ती सांगते. तो स्वतः शाळेच्या बँडमध्ये बास ड्रम वाजवतो. म्हणाला, सगळं बघू नकोस, पाच बास ड्रम बघ. हे पाच जण मिळून एकच ओळ वाजवतात. सर्वात लहान ड्रमवाल्याने एक ठोका द्यायचा, पुढच्याने पुढचा, असं मोठ्यापर्यंत खाली उतरायचं. जिना उतरावा तसा आवाज यायला हवा. आमच्या ढोलांत पन्नास जण एकच ठोका एकदम देतात, चुकलेला एखादा गर्दीत लपतो. इथे लपायला जागाच नाही. मोठ्या पथकाच्या त्या जिन्याची तिसरी आणि चौथी पायरी दर वेळी जवळजवळ येत होती. चौथा मुलगा घाई करत होता. माझा जीव त्याच्यात अडकला, कारण मी पण तशीच होते. "ताशा पळतोय!" हे वाक्य मी चार वर्षं रोज ऐकलंय.

रात्री गलीनात मुक्काम. सकाळी विटांच्या जुन्या इमारती, कॉफी, माजी राष्ट्राध्यक्ष ग्रँटचं घर बाहेरून. मग वीस नंबरच्या हायवेने फ्रीपोर्टवरून रॉकफर्ड. हे फँटम रेजिमेंट या नावाजलेल्या पथकाचं गाव, आणि इथल्या प्रेक्षकांना ते ऐकताना कळतं. आपल्या पोरांचं पथक मैदानात येण्याआधीच लोक उभे. शेजारच्या बाकावरच्या आजोबांनी मला 2008 चा अंतिम सामना तोंडपाठ सांगितला : मोसमभर ब्लू डेव्हिल्स हे पथक वरचढ, आणि शेवटच्या रात्री रेजिमेंट 98.125 विरुद्ध 98.100 असं जिंकलं. फरक 0.025. जुलैच्या आकड्यांवर पैज लावू नकोस, एवढं बोलून ते पॉपकॉर्नकडे वळले.

कालचं मोठं पथक इथेही होतं. मी दुर्बीण थेट चौथ्या बास ड्रमवर रोखली. जिना आला आणि धडधडत सरळ खाली उतरला. पायऱ्या सगळ्या सारख्या! एका दिवसात! मी लेकाला कोपर मारलं. त्याने बोटाने खाली दाखवलं. ठोका सांभाळण्याच्या नादात त्या मुलाचं पाऊल सुटलं होतं, तो रांगेच्या हातभर मागे राहिला आणि पुढची चार पावलं ढांगा टाकत जागेवर आला. ताशात पण तसंच व्हायचं. हात सुधारला की मान ताठ, मान सैल केली की हात बिघडला. शेवटच्या त्या कमानीला मात्र आज पाय फुटले होते. अर्धी कमान चालली, अर्धी उभीच राहिली.

गुण लागले. कालच्यापेक्षा किंचित जास्त. मी विचारलं, जिन्याचे किती आणि पावलाचे किती कापले? "आई, असं नसतं ते."

परतीच्या अंधारात तो फोनवर दोन्ही रात्रींचे आकडे लावत बसला. पार्किंगमधला तो मेट्रोनोम माझ्या डोक्यातून जाईना. मी स्टिअरिंगवर बोटांनी तोच ठेका धरला, मग त्यात ताशाची तर्री भरायला लागले. त्याने फोनवरून मान वर न करता सांगितलं,

"आई, पळतेयस."