तुले काय जोयजे?

स्नेहसंमेलनात देवलांच्या ‘शारदा’तले प्रवेश करायचे, हा मराठीच्या सरांचा हट्ट. १८९९ साली रंगभूमीवर आलेलं संगीत नाटक खानदेशातल्या नववीच्या पोरांना झेपेल का, अशी शंका अनेकांना होती. सरांनी पदं गाळली आणि तालमी सुरू केल्या.

कांचनभट करणारा मुलगा पहिल्याच दिवशी तारस्वरात ओरडू लागला. पैशांसाठी पोटची पोर पाऊणशे वर्षांच्या भुजंगनाथाला द्यायला निघालेला बाप, म्हणजे खलनायकच! सरांनी त्याला थांबवलं. वर्गात शुद्ध बोलणारे सर तालमीत मात्र अहिराणीवर यायचे.

“काय रे भो, तुले काय जोयजे?” म्हणजे, तुला काय हवंय?

“पैसा.”

“तो भुजंगनाथ दी. हिनाकडथून काय जोयजे?”

पैसा तर भुजंगनाथ देईल, पण ‘हिनाकडथून’, म्हणजे माझ्याकडून काय हवं? मी इंदिराकाकू, म्हणजे कांचनभटाची बायको होते. तो बराच वेळ घुटमळला. मग त्याचं त्यालाच सापडलं: बायकोने गप्प बसावं, जमलेली सोयरीक मोडू नये, घरातला आवाज बाहेर जाऊ नये. ओरडणं आपोआप थांबलं. दार लोटून घेतल्यासारखं करून तीच वाक्यं तो दबक्या आवाजात बोलला. आधी समजूत काढली, ती चालेना तेव्हा नुसते डोळे वटारले. मी खरंच दचकले.

“मुलीचं भलं व्हावं,” हे माझं उत्तर सरांना पटलं, पण ते अख्ख्या नाटकाला पुरणारं होतं. आत्ता, या नवऱ्याकडून काय हवं? त्याने निदान आजच्यापुरतं तरी “बरं, बघू” म्हणावं, एवढंच. ते कळल्यावर हातवारे कोणते करायचे हा प्रश्नच उरला नाही. मी त्याच्या वाटेत जाऊन उभी राहिले.

पुढे नाट्यशिक्षण घेताना स्तानिस्लाव्हस्की हा रशियन नट-दिग्दर्शक वाचला. पात्राला संपूर्ण नाटकात काय हवं आहे आणि या प्रवेशात काय हवं आहे, असे दोन प्रश्न तो नटाला विचारायला लावतो. त्याचं मॉस्को आर्ट थिएटर १८९८ मधलं, म्हणजे ‘शारदा’च्या एक वर्ष आधीचं. मला ते सगळं ओळखीचं वाटलं.

आता जळगावात मुलांची नाटकं बसवते. “इथे राग दाखव” असं मी कुणालाच सांगत नाही. राग मागितला म्हणून येत नाही. समोरच्याकडून काहीतरी हवं असलं आणि ते मिळेना, की तो येतो. लग्न जुळवणाऱ्या भद्रेश्वर दीक्षितालाही काही हवं असतं, म्हणून तर तो दोन्हीकडे गोड बोलतो. आणि भुजंगनाथ खोकत, कमरेत वाकून केला की मला फार वाईट वाटतं. लोकांना आपलं वय दिसू नये, हीच तर त्या माणसाची धडपड! आमचा भुजंगनाथ छाती काढून, मिशीला पीळ देत आला होता. पुढे बसलेल्या आयाबाया त्याच्यावर मनापासून चिडल्या.