चुंबक धरणारा काळा दगड: तपासून घेण्याचा माझा अनुभव

आमचं वावर रामटेक तालुक्यात, मँगनीजच्या जुन्या खाणींच्या पट्ट्यात. धुऱ्यावर एक काळाशार, वजनदार दगड मिळाला आणि चुंबक त्याला घट्ट चिकटला. इकडचं नेहमीचं मँगनीज चुंबकाला असं धरत नाही. मॅग्नेटाइट, म्हणजे चुंबक ओढणारं लोहाचं खनिज म्हणावं, तर फरशीच्या खरबरीत पाठीवर घासल्यावर काळी रेघ उमटायला हवी होती; याची तपकिरी उमटली.

घोडं अडलं ते दगड तपासून घेण्याच्या सरकारी अर्जावर. पहिलाच रकाना 'खनिजाचे नाव'. नाव माहीत असतं तर मी तपासायला कशाला आणला असता? 'अज्ञात' लिहिलं, अर्ज परत. पुढे खाणपट्ट्याचा क्रमांक मागितला. दगड वावरातला, खाणपट्टा आणू कुठून? सातबारा दाखवला, तर 'साहेब आल्यावर बघू'. साहेब दौऱ्यावर. शेवटी 'मँगनीज धातुक' लिहिल्यावर नमुना घेतला आणि अहवालात काय, तर मँगनीज इतके टक्के, लोह इतके टक्के! याच दोन धातूंची ऑक्साइडं बिक्सबाइट या खनिजातही असतात आणि जेकबसाइट या वेगळ्या खनिजातही. टक्क्यांवरून खनिज कसं ओळखणार? हे तिथे कुणाला पटवता आलं नाही, याचा राग अजून आहे.

म्हणून सांगतो, रासायनिक पृथक्करणावर थांबू नका. एक्स-रे डिफ्रॅक्शन (क्ष-किरणांनी स्फटिकाची रचना ओळखणं) आणि घासून चकचकीत केलेल्या तुकड्याची सूक्ष्मदर्शकाखाली तपासणी, या दोन्ही मागा. मला हे नागपूरच्या एका भूशास्त्राच्या प्राध्यापकांनी करून दिलं. जेकबसाइटमध्ये हॉसमनाइट या मँगनीजच्या दुसऱ्या खनिजाच्या बारीक पट्ट्या दिसल्या. चुंबक ओढतो तो जेकबसाइटमुळे. जास्त तापमानात दोन्ही एकजीव असतात, खडक निवताना हॉसमनाइट वेगळं होतं.

अशाच दगडाला फर्मर या भूशास्त्रज्ञाने 'व्रेडेनबर्गाइट' नाव दिलं होतं आणि त्याचा नमुना होता आमच्याच जिल्ह्यातल्या बेलडोंगरीचा! भारतातल्या मँगनीजवरच्या १९०९ च्या त्याच्या ग्रंथात तो नोंदलेला आहे. ते एकच खनिज नसून दोघांचं मिश्रण आहे, हे नंतर कळलं. हे ऐकून छाती फुगली माझी.

आणि हो, अर्धा तुकडा घरीच ठेवा, दिलेला परत मिळत नाही. दगड आम्लाने धुऊ नका. कुठल्या गटात, किती खोलीवर सापडला, ते त्याच दिवशी लिहून ठेवा. प्राध्यापकांनी सगळ्यात आधी तेच विचारलं.