पोलिसांविरुद्ध काही तक्रार?

छळाविरुद्धच्या करारांचा कोर्टात खरंच काही उपयोग होतो का, असं तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. कायद्याच्या मुलांपुढे छळाविरुद्धच्या आंतरराष्ट्रीय कराराबद्दल बोलले की एक जण हमखास विचारतो, "मॅडम, तिकडे सह्या होतात आणि इकडे कोठडीत मार पडतोच. या कागदांचा उपयोग काय?"

मी तालुका कोर्टात फौजदारी वकिली करते. रिमांडला आरोपी उभा केला की मॅजिस्ट्रेट विचारतात, "पोलिसांविरुद्ध काही तक्रार?" माझ्या उमेदवारीच्या काळातला एक पोरगा आठवतो. विशीतला असेल. अनवाणी होता, पाऊल टेकलं की तोंड वाकडं व्हायचं. प्रश्न आला तेव्हा त्याने साहेबांकडे बघितलंच नाही. त्याचा दंड धरून उभ्या असलेल्या शिपायाकडे बघितलं आणि म्हणाला, "नाही." रोजनाम्यात नोंद झाली, तक्रार नाही. तो माझा अशील नव्हता, म्हणून मी गप्प बसले. ते आजही सलतं.

त्या पोराला रात्री परत त्याच कोठडीत जायचं होतं. तो दुसरं काय बोलणार होता?

नेमकी हीच गोष्ट जिनिव्हाच्या ज्यां-जाक गोतिए या बँकरने ओळखली होती. रेड क्रॉसचे लोक युद्धकैद्यांना भेटतात, तसं बंदिवासाच्या प्रत्येक जागी बाहेरच्या माणसांना जाता आलं पाहिजे, एवढंच त्यांचं म्हणणं. त्यासाठी त्यांनी 1977 मध्ये संस्था काढली. 1984 चा संयुक्त राष्ट्रांचा करार देशांना छळाला गुन्हा ठरवायला लावतो, युद्धाची किंवा आणीबाणीची सबब चालू देत नाही. पण दार उघडलं ते युरोपच्या 1987 च्या कराराने. त्याची समिती देशाला येतो म्हणून कळवते, मात्र कुठल्या ठाण्यात, किती वाजता, हे सांगायला बांधील नसते. आणि कैद्याशी एकांतात बोलते. शिपाई बाहेर.

अशा भेटींत काय सापडतं? तुर्कस्तानबद्दल समितीने 1992 मध्ये जाहीर निवेदन काढलं. अंकाराच्या पोलीस मुख्यालयात, 'मुलाखतीची खोली' अशी पाटी असलेल्या खोलीत एक बुटका पलंग होता, आठ पट्ट्यांचा. विजेचे झटके देताना आम्हाला यालाच बांधायचे, असं कैद्यांनी जे वर्णन केलं होतं त्याच्याशी तो हुबेहूब जुळत होता. तो तिथे का, हे कुणालाच धड सांगता येईना.

संयुक्त राष्ट्रांच्या कराराला जोडलेल्या 2002 च्या जोडकराराने हीच पद्धत जगभरासाठी खुली केली. आपण मात्र दाराबाहेरच आहोत. ओलीस धरण्याविरुद्धच्या 1979 च्या करारात भारत 1994 मध्ये सामील झाला. छळाविरुद्धच्या 1984 च्या करारावर 1997 मध्ये सही केली, पण पुष्टी, म्हणजे तो पाळण्याची अंतिम हमी, अजून दिलेली नाही. 2010 मध्ये लोकसभेने छळाविरुद्धचं विधेयक मंजूर केलं. ते राज्यसभेच्या निवड समितीकडे गेलं आणि पुढे बारगळलं. ओलीस धरणारा परका असतो, कोठडीतला मारणारा आपल्या खात्याचा. मला तरी याचं दुसरं कारण दिसत नाही.

म्हणून मी युरोपच्या त्या करारातलं एकच कलम उचललंय, एकांतात बोलण्याचं. रिमांडला अशील उभा राहिला की तो प्रश्न येण्याआधी मी म्हणते, "साहेब, शिपायाला जरा दाराबाहेर थांबायला सांगावं." काही साहेब ऐकतात, काही नाही. मागे एकदा ऐकलं. शिपाई बाहेर गेला. अशील बराच वेळ काहीच बोलला नाही. मग त्याने सावकाश शर्टाची बाही वर सरकवली.