पेशंटचं डोकं कुठल्या बाजूला? आमची वाटचाल

बेळगावच्या उद्यमबागेत लेथ, फाउंड्री आणि हायड्रॉलिकच्या कारखान्यांमध्ये आमचं ॲम्ब्युलन्स बांधायचं शेड पटकन सापडत नाही. गेटवरच्या गाड्या बघून ओळखायचं. एखादी केए २२, चंदगडकडून आलेली एखादी एमएच ०९, कधीमधी गोव्याची जीए. सगळ्या पांढऱ्या आणि बहुतेक आतून उकललेल्या.

बाबांनी शेड घेतलं तेव्हा इथं ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या जोडायच्या आणि पाटे बदलायचे, एवढंच काम होतं. ॲम्ब्युलन्स आमच्याकडे आली ती गणेशोत्सव मंडळं आणि सोसायट्यांमुळे. नव्वदच्या दशकात मंडळाकडे शिल्लक जमली की एखादी जुनी मॅटॅडोर घेऊन ती ‘ॲम्ब्युलन्स करून द्या’ म्हणत लोक यायचे. करून द्यायची म्हणजे मागच्या सीटा काढायच्या, एका बाजूला बाकडं, दुसऱ्या बाजूला स्ट्रेचरसाठी लोखंडी चौकट, टपावर दिवा, खिडक्यांना अर्ध्यापर्यंत दुधी रंग. सलाइनची बाटली अडकवायला टपाखाली एक हुक. डॉक्टर दवाखान्यात असतो आणि गाडीनं फक्त तिथवर पोचवायचं, हाच सगळ्यांचा हिशेब होता.

मंडळाची कमिटी गाडी बघायला आली की पहिला प्रश्न देणगीदारांच्या नावांचा. पुढच्या काचेवरचं ‘ॲम्ब्युलन्स’ इंग्रजीत उलट्या अक्षरांत लिहायचं असतं, म्हणजे पुढच्या गाडीवाल्याला आरशात ते सुलट दिसतं. आमच्या पेंटरला हे दर वेळी कमिटीला समजावून सांगावं लागे. एका गृहस्थांनी तर स्वतःचं नावही तसंच उलटं लिहायला सांगितलं होतं. पेंटरनं लिहूनही दिलं!

मग ओम्नी आली. स्वस्त, गल्लीबोळात शिरणारी, पेट्रोल-गॅसवर पळणारी. बेळगावातल्या लहान हॉस्पिटलांच्या दारात वर्षानुवर्षं तीच उभी असायची. पण तिची लांबी स्ट्रेचरला पुरत नाही. डाव्या बाजूला स्ट्रेचर घालायचं तर पुढची सीट काढावी लागते आणि पेशंटचं डोकं ड्रायव्हरच्या कोपराशी येतं. सोबतच्या माणसाला मागं मांडी घालून बसायचं. छातीवर दाब द्यायची वेळ आली तर त्याच्या डोक्याला टप लागतो आणि कोपर सरळच होत नाही. ओम्नीचं उत्पादन २०१९ मध्ये थांबलं, तरी इकडच्या रस्त्यांवर ती अजून दिसते.

आमचं काम खऱ्या अर्थानं बदललं ते १०८ मुळे. कर्नाटकात ही सेवा २००८ च्या नोव्हेंबरात ‘आरोग्य कवच’ नावानं सुरू झाली, महाराष्ट्रात २०१४ मध्ये. दोन्हीकडे नंबर तोच, पण गाडीत बसणारा माणूस वेगळा. इकडे मागं ईएमटी, म्हणजे तातडीच्या उपचाराचं शिक्षण घेतलेला माणूस असतो, बहुतेक वेळा नर्सिंग केलेला, आणि गाडी चालवणाऱ्याला ‘पायलट’ म्हणतात. तिकडच्या गाडीवर डॉक्टर असतो. सीमेवर राहिल्यामुळे आम्हाला दोन्ही गाड्या बघायला मिळाल्या. तेव्हा डोक्यात बसलं की आतली मांडणी उपकरणांच्या यादीवरून ठरवायची नसते. पट्टा लावून बसलेल्या माणसाचा हात कुठवर पोचतो, तिथून सुरुवात करायची. सक्शन (घशातलं ओढून काढायचं यंत्र), ऑक्सिजन किती सुटतो ते दाखवणारा फ्लोमीटर, मॉनिटर आणि अंबू बॅग (हातानं दाबून श्वास द्यायची पिशवी) या वस्तू पेशंटच्या डोक्यामागच्या सीटवरून उठल्याशिवाय घेता आल्या पाहिजेत. उठावं लागलं तर घाटात तो माणूस पडणार. बँडेज, चादरी, स्प्लिंट दूर ठेवले तरी चालतात.

पुढे केंद्र सरकारनं एआयएस १२५ हे मानक लागू केलं आणि ‘करून द्या’ म्हणण्याचे दिवस संपले. त्यात चार प्रकार आहेत. ए म्हणजे पहिली मदत घेऊन धावणारी गाडी, त्यात पेशंट न्यायची सोय असलीच पाहिजे असं नाही. बी नुसती पेशंट नेण्या-आणण्याची. सी बेसिक लाइफ सपोर्ट, म्हणजे वाटेत जीव टिकवायची साधी सोय असलेली, आणि डी ॲडव्हान्स्ड, म्हणजे त्याहून पुढची. गाडीला एकदा टाइप ॲप्रूव्हल, म्हणजे नमुन्याची मंजुरी घ्यायची, आमच्या बाजूला पुण्याच्या एआरएआय या वाहनं तपासणाऱ्या संस्थेकडून, आणि मंजूर ड्रॉइंगप्रमाणेच प्रत्येक गाडी बांधायची. तो खर्च आमच्यासारख्या शेडला झेपणारा नव्हता. बरोबरीचे काही जण स्कूल बसकडे वळले, काहींनी धंदा बंद केला. आम्ही गाड्यांच्या बॉडी बांधणाऱ्या एका मोठ्या कारखान्याचं पॅनेल आणि कपाटांचं काम घेतलं, आणि जुन्या ॲम्ब्युलन्सचं आतलं काम नव्यानं करून द्यायला लागलो. आज आमचं निम्म्याहून जास्त काम या दुरुस्तीचंच आहे. या मानकाबद्दल, आमच्या भाषेत कोडबद्दल, लोक कुरकुरतात. मला तो आवडतो. गाडी धडकली तर स्ट्रेचर जागेवर राहणार का, हा प्रश्न त्याआधी आमच्याकडे एकाही गिऱ्हाइकानं विचारला नव्हता.

एक कोड वाचायला लागल्यावर बाहेरचेही वाचायची सवय लागली. युरोपात ईएन १७८९ आहे. त्यात स्ट्रेचर, त्याची पकड आणि आतली उपकरणं १० जी धक्क्याला टिकली पाहिजेत. म्हणजे दहा किलोची पेटी त्या क्षणी शंभर किलोच्या जोरानं सुटू बघणार आणि तिचा ब्रॅकेट ते सहन करणार. जर्मनीत डॉक्टर बऱ्याचदा वेगळ्या लहान कारनं घटनास्थळी येतो, ॲम्ब्युलन्स आपली वेगळी येते. जपानमध्ये टोयोटा हायएसवर बांधलेल्या गाडीत स्ट्रेचरखाली कंपनं शोषणारी चौकट असते. आमच्या जांबोटी रस्त्याला ती लावून बघावी असं फार वाटतं. अमेरिकेत टाइप १ म्हणजे ट्रकच्या चासीवर ठेवलेला स्वतंत्र डबा, टाइप २ सरळ व्हॅन, टाइप ३ म्हणजे व्हॅनच्या केबिनला जोडलेला डबा. चासी थकली की डबा उचलून नव्या चासीवर चढवतात. आपल्याकडे इंजिन संपलं की आतलं चांगलं कामही गाडीबरोबर भंगारात जातं. हे बघून मी नेहमी हळहळतो.

पण बाहेरची मांडणी जशीच्या तशी इथं बसत नाही. तिकडे पेशंटसोबत फार तर एक नातेवाईक. खानापूर तालुक्यात पेशंट आणायला गेलं की आई, भाऊ, गल्लीतला एखादा जाणता आणि कपड्यांची पिशवी, एवढं सगळं चढतं. त्यांना उतरवायला पायलटची हिंमत नसते आणि असूही नये. म्हणून बाजूचं बाकडं आम्ही काढत नाही. त्याला प्रत्येकी पट्टा लावतो आणि त्याच्या पोटात स्पाइन बोर्ड, म्हणजे मणक्याला मार लागलेल्याला उचलायची फळी ठेवतो.

मग घाट. चोर्ल्याच्या रस्त्यानं गोव्यातल्या बांबोळीच्या हॉस्पिटलला पेशंट नेतात, तेव्हा जांबोटी-कणकुंबी सोडल्यावर उतार लागतो. पेशंटचं डोकं ड्रायव्हरकडे असतं, त्यामुळे उतारावर आणि प्रत्येक ब्रेकला रक्ताचा ओघ डोक्याकडे जातो. डोक्याला मार लागलेल्याला हे वाईट. म्हणून पाठीकडून उचलता येणारं स्ट्रेचर आमच्या लेखी चैन नाही. ते वर करून लॉक झालं पाहिजे आणि लॉक दणक्यात सुटता कामा नये. एका पायलटनं एकदा घाटातूनच फोन केला होता, ‘मामा, पेशंट डोक्याकडं घसरूलाय की!’ गाडी दुसरीकडे बांधलेली, स्ट्रेचरला खांद्याचे पट्टेच नव्हते. आता पट्ट्यांशिवाय आलेलं स्ट्रेचर आम्ही बसवून देत नाही. अमुक एजन्सीचं आहे, नवीन आहे, हे ऐकून घेत नाही.

ऑक्सिजनचा हिशेब मी गिऱ्हाइकाला कागदावर मांडून देतो. बी टाइप सिलिंडरमध्ये (हे सिलिंडरचं माप, गाडीचा प्रकार नव्हे) साधारण १५०० लिटर गॅस. मिनिटाला १० लिटर लावला तर १५० मिनिटं, म्हणजे अडीच तास. बेळगाव ते बांबोळी चोर्ल्यातून साधारण सव्वाशे किलोमीटर, पावसाळ्यात तीन तासांच्या वर. एका बी सिलिंडरवर निघालेली गाडी साखळीच्या आसपास कोरडी पडणार. डी टाइपमध्ये साधारण ७००० लिटर असतो, तो अकरा तासांहून जास्त चालेल. पण त्याचं वजन साठ-सत्तर किलो. तो पॅनेलला बांधायचा नाही. ब्रॅकेट थेट चासीच्या क्रॉस मेंबरला, म्हणजे आडव्या लोखंडी पट्टीला बोल्ट करायचा. उद्यमबागेत राहायचा फायदा इथं कळतो. क्लॅम्प, पिन, लॉकचे दात, सगळं शेजारच्या लेथवर दुपारच्या चहाआधी तयार मिळतं.

फ्लोअर हा आमचा आवडता विषय, त्यावर मी तासभर बोलू शकतो, पण थोडक्यात सांगतो. दुरुस्तीला आलेल्या गाडीचं विनाइल उचललं की खालच्या प्लायवूडवरून तिची सगळी हकीगत कळते. साधा प्लाय फुगलेला, कडेनं रक्त मुरलेलं, खिळे गंजलेले. आम्ही मरीन प्लाय घालतो, वर एकसंध विनाइल, आणि ते कडेला गोलाई देऊन भिंतीवर वळवतो. कोपरा ठेवतच नाही, म्हणजे पोछा अडकत नाही. कपाटांना सनमायका नको, एबीएस किंवा फायबर घ्या, असं सांगतो. पैसे वाचवायचेच असतील तर बाहेरच्या स्टिकरवर वाचवा.

कोविडच्या काळात ड्रायव्हर केबिन आणि मागच्या भागातला पडदा बंद करण्यासाठी गाड्यांची रांग लागली. ॲक्रिलिक कापून कापून कारागिरांची बोटं सोलली. बंद पडद्याबरोबर मागं एक्झॉस्ट फॅन हवाच, हे पटवायला मात्र वेळ लागला. कोगनोळी नाक्यावर त्या दिवसांत कागद तपासायला थांबलेल्या गाड्यांत आमच्या हाताखालून गेलेली एखादी असायचीच. एका संस्थेनं तेव्हा घाईनं गाडी करून नेली. तिचं बिल निघायला मात्र दोन दिवाळ्या गेल्या.

एका बाबतीत मी गिऱ्हाइकाशी भांडतो. दिवसा ॲम्ब्युलन्स, गरज पडली तर शववाहिका, अशी दुहेरी सोय मागतात, फ्रीझर बॉक्सची जागा ठेवा म्हणतात. खेड्यातल्या सोसायटीला दोन गाड्या परवडत नाहीत हे मला कळतं. तरी मी नाही म्हणतो. धुण्याची शिस्त कोण पाळणार, आणि ती गाडी दारात आली की आजारी म्हातारीला काय वाटणार?

सध्या शेडमध्ये टाटाची एक विंगर व्हॅन आहे. मागच्या चाकांकडे जाणारा प्रॉपेलर शाफ्ट नसलेल्या जुन्या विंगरचं फ्लोअर खाली असतं, स्ट्रेचर चढवायला दोन माणसं पुरतात. शेजारी भीमगडच्या बाजूच्या वाड्यांसाठी एक बोलेरो तयार होते आहे. तिथं पावसाळ्यात ट्रॅव्हलरसारखी मोठी व्हॅन चिखलात रुतते आणि माणसं पेशंटला खांद्यावरून रस्त्यापर्यंत आणतात. बोलेरोत जागा कमी, त्यामुळे डोक्यामागची सीट बसत नाही. ईएमटी पेशंटच्या कमरेशी बसणार आणि ऑक्सिजनचा फ्लोमीटर त्याच्या उजव्या हाताला आणावा लागणार. पायपिंग त्या हिशेबानं वळवतो आहे.

गाडी करून घ्यायला येणार असाल तर आपलं स्ट्रेचर सोबत आणा आणि गाडीत मागं बसणाऱ्या माणसालाही आणा. त्याला सीटवर बसवून, पट्टा लावून, खडूनं पॅनेलवर खुणा केल्याशिवाय आम्ही भोक पाडत नाही. देणगीदारांची यादी शेवटच्या दिवशी दिली तरी चालेल, पेंटर इथंच असतो.