रोबोला फुटबॉल शिकवायचा तर आधी चेंडू तपासा

पावसाळ्यात बेळगावच्या लेले ग्राउंडवर कितीही जोरात किक मारा, चेंडू तांबड्या चिखलात रुतून बसतो. मुजोको या फिजिक्स सिम्युलेटरमध्ये तोच चेंडू बोटाने ढकलल्यासारखा ढकला, मैदान संपलं तरी तो थांबत नाही. बेळगाव, खानापूर, निपाणीकडची इंजिनिअरिंगची पोरं फायनल इयरला 'ह्युमनॉइड रोबो आणि रिइन्फोर्समेंट लर्निंग' (माणसासारख्या रोबोला गुण-दंड देत चुकांमधून शिकवणं) असा विषय घेतात आणि पहिल्याच आठवड्यात शिकवायचा अल्गोरिदम म्हणून पीपीओ चांगलं की सॅक, यावर वाद घालत बसतात. तो वाद नंतर घाला. रोबो ज्या जगात शिकणार ते जग आधी धड आहे का बघा, कारण बहुतेक प्रोजेक्ट तिथेच फसतात.

चेंडू थांबत नाही, कारण मुजोकोमध्ये दोन वस्तूंचा संपर्क मुळात तीन मितींचा धरलेला असतो. त्यात घसरण्याचं घर्षण असतं, लोळण्याचं नसतं. चेंडूच्या जॉममध्ये (मॉडेलमधल्या त्याच्या आकारात) 'कॉनडिम', म्हणजे संपर्काच्या मिती, ६ करा, मग लोळण्याचं घर्षण लागू होतं. तरीही त्याची डिफॉल्ट किंमत ०.०००१ आहे, म्हणजे नसल्यासारखीच. ती ०.००५ केली तर ७ सेंटिमीटर त्रिज्येचा पोकळ चेंडू सेकंदाला २ मीटर वेगाने निघून साधारण पावणेपाच मीटरवर थांबतो. गवत दाट हवं असेल तर ०.०१ ठेवा, अंतर निम्मं होईल.

घर्षणात आणखी एक खोच आहे. दोन जॉम भिडले की मुजोको दोघांच्या घर्षणातली मोठी किंमत उचलतो. तुम्ही तळपायाचं घर्षण ०.५ केलंत आणि जमिनीचं १ तसंच ठेवलंत, तर काहीच बदललेलं नसतं. दोन्हीकडे बदला, नाहीतर एकाला 'प्रायॉरिटी' द्या. निसरड्या मैदानावर चाचणी घेतली म्हणून रिपोर्टात लिहिणाऱ्यांनी एवढं नक्की तपासावं.

चेंडू पोकळ असतो, पण सिम्युलेटर त्याला भरीव गोळा समजतो. भरीव गोळ्याचं जडत्व वस्तुमान गुणिले त्रिज्येचा वर्ग याच्या दोनपंचमांश, पातळ पोकळ गोळ्याचं दोनतृतीयांश. मॉडेलच्या फाइलमधल्या इनर्शियल टॅगमध्ये ते स्वतः भरा. उसळीसाठी वेगळा आकडा मुजोकोत नाहीच. संपर्काच्या 'सॉलरेफ' या सेटिंगमध्ये ऋण किमती देऊन ताठरपणा आणि डॅम्पिंग (हालचाल किती शमते) ठरवावं लागतं. खरा चेंडू १ मीटरवरून सोडा, मोबाइलच्या स्लो मोशनमध्ये तो किती वर आला ते पट्टीवर वाचा, आणि सिम्युलेशनमध्ये तेवढाच येईपर्यंत डॅम्पिंग हलवा.

रोबो म्हणून रोबोटिस कंपनीचा ओपी३ हा छोटा ह्युमनॉइड घ्या. मुजोको मेनाजरी या मॉडेलसंग्रहात त्याचं मॉडेल फुकट मिळतं. उंची ५१ सेंटिमीटर, सांधे २०. पाच नंबरचा चेंडू २२ सेंटिमीटर व्यासाचा, म्हणजे या बुटक्याच्या गुडघ्याच्याही वर जातो. म्हणून एक नंबरचा चेंडू घ्या. शिकवायला सुरुवात करण्यापूर्वी पॉलिसीशिवाय (म्हणजे कधी काय करायचं ते ठरवणाऱ्या, शिकून तयार होणाऱ्या मेंदूशिवाय) नुसती उभी राहायची पोझ द्या आणि पाच सेकंद बघा. रोबो हळूहळू गुडघ्यात वाकत असेल तर मोटरचा केपी (सांधा ठरल्या जागी धरून ठेवायचा जोर) कमी आहे. थरथरत असेल तर डॅम्पिंग कमी आहे किंवा टाइमस्टेप (सिम्युलेशनची एक पायरी) मोठा आहे. फिजिक्सचा टाइमस्टेप ४ ते ५ मिलिसेकंद आणि पॉलिसीचा निर्णय दर २० मिलिसेकंदांनी, एवढं सुरुवातीला पुरतं. पॉलिसीने थेट टॉर्क (सांधा वळवायचा जोर) देऊ नये. उभ्या पोझपासून प्रत्येक सांधा किती हलवायचा तेवढंच सांगावं, आणि तेही ०.३ ते ०.५ रेडियनच्या आत.

रोबोला काय दिसतं हेही आधीच ठरवा. सांध्यांचे कोन आणि वेग, जायरो (अंग फिरण्याचा वेग सांगणारा सेन्सर), गुरुत्वाकर्षणाची दिशा, मागची अ‍ॅक्शन, चेंडूची जागा आणि वेग, गोलची दिशा. हे सगळं रोबोच्या अंगाच्या संदर्भात द्या, मैदानाच्या नाही. मैदानाचे एक्स-वाय दिले की पॉलिसी मैदान पाठ करते आणि गोल दुसऱ्या बाजूला नेला की गोंधळते.

आता रिवॉर्ड, म्हणजे रोबोला मिळणारे गुण. खरी कसोटी इथे आहे.

चेंडूला पाय लागला की गुण, असं ठेवलंत तर रोबो चेंडूला चिकटून उभा राहतो आणि थरथरत एका सेकंदात जमतील तेवढे स्पर्श करतो. ही गंमत जुनी आहे. एन्ग, हराडा आणि रसेल यांच्या १९९९च्या पेपरात अशाच एका फुटबॉल रोबोचा दाखला आहे. त्यावरचा उतारा म्हणजे गुण स्पर्शाला न देता स्थितीतल्या फरकाला द्यायचे. चेंडूपर्यंतचं अंतर घटलं तर अधिक, वाढलं तर तितकेच वजा. मग मागेपुढे करून काही कमाई होत नाही. त्याच्या जोडीला चेंडूचा गोलच्या दिशेचा वेग. त्याला वरची मर्यादा घाला, नाहीतर रोबो पायाऐवजी अख्खं अंग चेंडूवर फेकतो. त्याने एक जोरदार टोला बसतो आणि पुढची दहा सेकंद तो आडवा असतो.

दुसरा घोटाळा याच्या उलटा. टॉर्कचा दंड, झटक्यांचा दंड, कलण्याचा दंड असे दंड वाढवत नेले की प्रत्येक स्टेपची बेरीज ऋण होते. पडल्यावर एपिसोड (सरावाची एक फेरी) संपत असेल तर रोबोला लवकर पडणंच फायद्याचं ठरतं. आलेखात एपिसोडची लांबी सुरुवातीलाच घटत चालली तर हेच कारण समजा. जिवंत राहण्याचा छोटासा गुण दर स्टेपला द्या आणि दंड हळूहळू, शिकणं रुळल्यावर वाढवा. मात्र पडण्याचा एकरकमी दंड फार मोठा ठेवलात तर रोबो पाय उचलतच नाही. पुतळ्यासारखा उभा राहतो, आणि आलेख बघणाऱ्याला वाटतं, होय की, छान शिकतोय! म्हणून दर काही लाख स्टेपनंतर व्हिडिओ काढा, नुसत्या रेषेवर विश्वास ठेवू नका.

उठणं आणि खेळणं एकाच वेळी शिकवायला जाऊ नका. गूगलच्या डीपमाइंडच्या गटाने ओपी३वर केलेलं काम २०२४ साली सायन्स रोबोटिक्स या नियतकालिकात आलं. त्यांनी आधी दोन वेगळ्या पॉलिसी शिकवल्या, एक पडल्यावर उठायची आणि एक गोल करायची. मग दोन्हींचं ज्ञान तिसऱ्या पॉलिसीत उतरवून तिला स्वतःच्याच जुन्या आवृत्त्यांशी खेळवलं. खऱ्या रोबोवर ती हाताने लिहिलेल्या हालचालींपेक्षा १८१ टक्के जास्त वेगाने चालली आणि उठायला ६३ टक्के कमी वेळ लागला. गुडघ्याचे गिअर तुटत असल्यामुळे त्यांनी गुडघ्याच्या टॉर्कवर वेगळा दंड ठेवला होता. सिम्युलेशनपुरतं काम असलं तरी तो दंड ठेवा, चाल माणसासारखी दिसते.

उठण्याच्या सरावात रोबोला हवेतून वाटेल त्या कोनात सोडा आणि तो जमिनीवर स्थिरावल्यावर एपिसोड सुरू करा. पालथा आणि उताणा, दोन्ही निम्मे-निम्मे. इथे हात आणि धडाचे जमिनीशी संपर्क चालू हवेत. खेळण्याच्या पॉलिसीत पडल्यावर एपिसोड संपतोच, तेव्हा हे संपर्क बंद केले की एमजेएक्स (मुजोकोची ग्राफिक्स कार्डासाठीची आवृत्ती) जीपीयूवर, म्हणजे त्या कार्डावर, बरंच वेगाने धावतं. संपर्कासाठी बारीक जाळीच्या मेशऐवजी कॅप्सूल आणि डबे असे साधे आकार वापरा.

पावसाळ्यात खानापूर, जोयडाकडे लाइटचा भरवसा नसतो आणि गूगलचं फुकटचं ऑनलाइन कोलॅबही मध्येच तुटतं. त्यामुळे चेकपॉइंट (तोवरच्या शिकण्याची साठवलेली प्रत) दर दहा मिनिटांनी ड्राइव्हवर जायलाच हवा. नुसती पॉलिसी साठवून भागत नाही. निरीक्षणं एका मापात आणणाऱ्या नॉर्मलायझरचे सरासरी आणि व्हेरियन्सचे आकडे आणि ऑप्टिमायझरची (पॉलिसी सुधारणाऱ्या भागाची) स्थितीही साठवा. नॉर्मलायझर विसरलात तर चांगला शिकलेला रोबो लोड केल्या क्षणी कोसळतो आणि बिघाड कुठे आहे ते शोधण्यात दिवस जातो.

जीपीयू अजिबात नसेल तर रोबोकप या रोबोंच्या फुटबॉल स्पर्धेतल्या थ्रीडी सिम्युलेशन लीगचा जुना मार्ग बघा. नाओ या ह्युमनॉइडचं मॉडेल आणि २० मिलिसेकंदांचं चक्र. चालण्याचं इंजिन हाताने लिहायचं आणि त्यातले काही डझन आकडे सीएमए-ईएस या आकडे बदलून बघत चांगले निवडणाऱ्या पद्धतीने सुधारायचे. यूटी ऑस्टिन व्हिला या संघाने याच पद्धतीवर २०११चं विजेतेपद घेतलं, १३६ गोल करून एकही न खाता. हे काम साध्या पीसीवर रात्रभरात पुढे सरकतं.

एकटा रोबो वेगवेगळ्या १०० ठरावीक जागांवरून किती गोल करतो, हा आकडा दर चेकपॉइंटला त्याच सीडने (रँडम आकड्यांच्या त्याच सुरुवातीने) मोजा. तो वाढायचा थांबला की प्रतिस्पर्धी आणा, त्याआधी नाही. प्रतिस्पर्धी म्हणून फक्त ताजी आवृत्ती ठेवली तर दोघं एकाच डावपेचाभोवती फिरत राहतात. जुन्या चेकपॉइंटचा साठा करा आणि प्रत्येक एपिसोडला त्यातून कुणीतरी एक उचला. दोनविरुद्ध दोनचा मोह मात्र कॉलेजच्या प्रोजेक्टात टाळा. डीपमाइंडने ते ५६ सांध्यांच्या सिम्युलेटेड ह्युमनॉइडवर करून दाखवलं, पण त्याआधी माणसांच्या मोशन कॅप्चरवरून हालचाली, मग ड्रिबलिंगसारखे सराव, आणि शेवटी अख्ख्या समूहाचं एकत्र प्रशिक्षण, अशा तीन पायऱ्या होत्या. एका सेमिस्टरमध्ये पहिली पायरीही नीट होत नाही.